अर्धी उतरलेली जागा

पोस्टाच्या तिकिटाएवढं माझं अंग, निळा रंग, आणि एक कोपरा तिरका कापलेला. मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी माझ्यासारखं कार्ड कॅमेऱ्यात सरकवलं असेल, आणि 'टक्' असा आवाज झाल्यावर ते विसरूनही गेले असतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. आमचं काम दुसऱ्याचं लक्षात ठेवण्याचं आहे. आपण लक्षात राहावं, असा आमचा हट्ट नसतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मूळचा मी वाळूचा. ती वाळू वितळवून, घासून, आरशासारखी गुळगुळीत करून तिच्यावर बारीक बारीक कोठड्या कोरल्या गेल्या. त्या इतक्या लहान, की मुंगीचा पायसुद्धा त्यांच्यापुढे डोंगर वाटावा. प्रत्येक कोठडीत विजेचा एक थेंब कोंडून ठेवायचा किंवा कोठडी रिकामी ठेवायची, एवढंच आमच्या विद्येचं मर्म. थेंब आहे आणि थेंब नाही, यांच्या लांबच लांब ओळीतून तुमचा हसरा चेहरा होतो, तुमचं गाणं होतं. बाहेरची वीज गेली तरी कोठडीतला थेंब हलत नाही. मग मी झोपतो. पण माझ्या झोपेत सगळं जागच्या जागी असतं, पाण्याखाली दिवे लावून ठेवल्यासारखं.

पनवेलला मी आलो ते २००८ साल होतं. स्टेशनरोडच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मी टांगलेला होतो. तिथून मला हितेशने घेतलं. हितेश उरणजवळच्या करंज्याचा, कोळ्याचा मुलगा. त्याचे वडील तो शाळेत असतानाच समुद्रात बुडून गेले होते. त्याने बोटीवर जाऊ नये अशी त्याच्या आईची, रंभाची इच्छा होती. म्हणून तो द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरच्या नोंदी ठेवण्याच्या कामाला लागला होता आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या लग्नांचे फोटो काढायचा.

ती वर्षं माझ्या भरभराटीची होती. हळदीने पिवळे झालेले चेहरे, मांडवात नाचणाऱ्या बायका, नारळी पौर्णिमेला पताका लावून सजवलेल्या बोटी, असं सगळं माझ्या कोठड्यांतून वाहत गेलं. "हितेश, तुझे फोटो साफ येतात रे," असं लोक म्हणत, तेव्हा मला मनातून फार बरं वाटे. दर लग्नानंतर फोटो पनवेलच्या स्टुडिओत संगणकावर उतरवले जात आणि मला पुसून पुन्हा कोरं करत.

इथे तुम्हाला एक गंमत सांगतो. पुसलं म्हणजे सगळं जातं असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकावी, तसं ते असतं. कोणतं प्रकरण कोणत्या पानावर, हे सांगणारं कोणी उरत नाही, पण पानं बराच काळ तशीच असतात. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, तरच ती खरी नाहीशी होतात. त्यामुळे माझ्या कोऱ्या अंगातही जुन्या लग्नांचे तुकडे तरंगत असत. कुठे अर्धी वरात, कुठे नुसता एक हिरवा चुडा.

मग फोनमध्येच चांगले कॅमेरे आले. हितेशचा कॅमेरा कपाटावर गेला आणि मी सुईदोऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात. तिथे मी किती काळ होतो ते मला सांगता येणार नाही. वीज नसलेल्या जागी काळ वाहत नाही. बटणांच्या आणि हुकांच्या मध्ये मी निजलो होतो, आणि डब्यावर कोणी हात ठेवला की पत्र्याचा आवाज दूरच्या घंटेसारखा यायचा.

२०१३ च्या पावसाळ्यात तो डबा उघडला.

आषाढ सरत आला होता. त्या दिवसांत मासेमारी बंद असते, बोटी धक्क्याला बांधून ठेवतात आणि डागडुजी चालते. हितेशच्या काकांच्या, दादूच्या बोटीवर नवा जीपीएस बसवायचा होता. जीपीएस म्हणजे बोट समुद्रात नेमकी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र. त्यात हव्या त्या जागेवर खूण करून ठेवता येते. जिथे मासा भरपूर लागला ती जागा, जिथे खाली खडक आहे आणि जाळं फाटतं ती जागा. जमीन दिसेनाशी झाली की तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, याच खुणांचा आधार. दादूच्या जुन्या यंत्रात अनेक वर्षांच्या खुणा होत्या. त्या आधी माझ्यावर उतरवायच्या आणि मग माझ्यावरून नव्या यंत्रात चढवायच्या, असं ठरलं होतं.

हितेशने मला फडक्याने पुसलं आणि जुन्या यंत्रात सरकवलं. दादू शेजारी उभा होता. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

मित्रांनो, तो अनुभव मी जन्मभर विसरणार नाही. आजवर माझ्यात माणसं आली होती, आता समुद्र येऊ लागला. प्रत्येक खूण म्हणजे एक नाव आणि दोन आकडे. एक आकडा उत्तरेकडे किती ते सांगणारा, दुसरा पूर्वेकडे किती ते सांगणारा. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावं येत होती. बांगडा आला, बोंबील आला, घोळ मासा आला. प्रत्येक नावामागे एक पाण्याचा तुकडा होता, पहाटेचा, दुपारचा, चांदण्यातला. खडक आला. बारीक कोळंबीचा कोळीम आला. मी एकेक थेंब कोठडीत लावत होतो आणि आत सगळीकडे निळा उजेड पसरत होता.

त्याच वेळी हितेश खाली वाकून नव्या यंत्राच्या तारा बॅटरीला जोडत होता. त्याच्या हातातला पाना घसरला आणि जुन्या यंत्राची तार निघाली.

माझ्यापुरतं सांगायचं तर कोणी स्वप्नाच्या मधोमध दार आपटावं, तसं झालं. एक खूण अर्धी आत आली होती, अर्धी बाहेर होती. अनुक्रमणिकेत तिची नोंद व्हायची होती, ती झालीच नाही. मी ना भरलेला, ना कोरा, असा अधांतरी राहिलो.

हितेशने घाईने तार पुन्हा जोडली. जुनं यंत्र सुरू झालं, पण ते नव्याने जन्मल्यासारखं तारीख विचारू लागलं. त्याच्या पोटातली लहानशी बॅटरी, जी वीज गेल्यावरही खुणा सांभाळते, केव्हाच मेली होती. इतकी वर्षं ते कधी पुरतं बंदच झालं नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. आत एकही खूण उरली नव्हती.

"काका, कार्डावर काहीतरी आलं असेल," असं म्हणत हितेशने मला नव्या यंत्रात घातलं. यंत्राने मला हाक मारली. मला उत्तर देता येईना. माझ्याजवळ पानं होती, पण कोणतं पान कुठे हे मलाच सांगता येत नव्हतं. तेव्हा यंत्राने पडद्यावर विचारलं, हे कार्ड वाचता येत नाही, नव्याने तयार करू का? हितेशचं बोट 'हो'कडे गेलं.

दादूने त्याचं मनगट धरलं.

"नवं नको करू," तो म्हणाला. "जुनंच पायजे."

त्या एका हाताने मला वाचवलं. पण दादूला ते ठाऊक नव्हतं. त्याने मला काढून हितेशच्या तळहातावर ठेवलं आणि तो धक्क्याच्या टोकाला जाऊन बसला.

त्या संध्याकाळी रंभाने दिराला जेवायला बोलावलं. दादू शेजारच्याच घरात राहायचा. रंभा सून होऊन आली तेव्हा दादू लहान होता, म्हणून ती त्याला नावानेच हाक मारी. मी चुलीशेजारच्या फळीवर एका वाटीत होतो. दादू ताटातल्या भाताला हात लावत नव्हता. हितेश मान खाली घालून बसला होता.

"माझ्या हातून झालं, काका," हितेश म्हणाला. "पापलेट, रावस, सुरमई, सगळे पॉइंट गेले."

"जेव रे तू," रंभा म्हणाली. "दादू, तू पन जेव. पापलेट काय दर्या सोडून जानार हाय? परत गावंल."

"पापलेटचं नाय, वयनी."

"मग?"

दादूने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "त्यात दादाची जागा होती."

"कसली जागा?"

"तो पडला ती."

रंभाच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. दादूने मग तुटक तुटक सांगितलं. जीपीएसवर एक लाल बटण असतं. माणूस पाण्यात पडला की ते दाबायचं, म्हणजे यंत्र ती जागा धरून ठेवतं आणि स्वतःच तिला 'एमओबी', म्हणजे 'मॅन ओव्हरबोर्ड', असं नाव देतं. दहा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ, हितेशचा बाप काशिराम, बोटीवरून पडला तेव्हा दादूने ते बटण दाबलं होतं. त्यांनी खूप शोधलं. काशिराम मिळाला नाही. पण खूण राहिली. पडद्याच्या कडेला ती दिसू लागली की दादू सुकाणू वळवायचा आणि लांबून जायचा. खलाशांना वाटायचं की तिथे खाली खडक आहे.

"दहा वर्सं झाली, दादू," रंभा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नि तू मला बोलला नायस."

"सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, घेऊन चल. नि मला तिथं जायचं नव्हतं."

"मला वाटायचं सगळा दर्याच त्यांचा. धक्क्यावर उभी राहून, दिसंल त्या पान्याला हात जोडत होते मी." ती उठली. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि वाटीतून मला उचललं. "हितेश, हे दुरुस्त होतं का?"

"ठाऊक नाय, आये. पनवेलला एक मॅडम हाय, गोदामातली पोरं तिच्याकडं जातात."

तिने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि मला तिच्यात बांधून ठेवलं.

रंभा पनवेलला उरण नाक्याच्या मासळी बाजारात बसायची. पावसाळ्यात ओली मासळी कमी, म्हणून सुकट आणि सुके बोंबील घेऊन जायची. बाजारासमोरच्या गल्लीतच ते दुकान निघालं. दुकान रुचिराचं. ती मूळची पुण्याची, लग्नानंतर कामोठ्याला राहायला आलेली. आधी एका कंपनीत नोकरी करायची, मग तिने संगणक आणि फोन दुरुस्तीचं हे दुकान काढलं. तिला मासळीचा वास सहन व्हायचा नाही. वाऱ्याची दिशा बदलली की ती काचेचं दार ओढून घ्यायची, हे रंभाने आपल्या जागेवरून कितीदा पाहिलं होतं. म्हणून त्या सकाळी टोपली मांडण्याआधीच, हात साबणाने धुऊन, ती दारात उभी राहिली.

"बाय, आत येऊ का?"

"या ना मावशी. बसा."

रंभाने गाठ सोडून मला टेबलावर ठेवलं आणि जमेल तसं सगळं सांगितलं. रुचिराने ते वहीत टिपून घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "हे बंद पडल्यावर यात कोणी काही केलं का? फोटो काढले? फॉरमॅट केलं?"

"पोरगा करत होता. दिरानं हात धरला."

"फार बरं केलं त्यांनी. यावर दुसरं काही लिहिलं गेलं असतं, तर मला काहीच करता आलं नसतं."

माझ्या डाव्या कडेला एक बारीकशी सरकपट्टी आहे. इतक्या वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. रुचिराने नखाने ती खाली ओढली.

"हे कुलूप समजा," ती म्हणाली. "आता यातलं वाचता येईल, पण यात लिहिता येणार नाही. चुकूनसुद्धा नाही."

रंभाने मान डोलावली. जाताना ती दारात थांबली. "सगळं नाय आलं तरी चालंल, बाय. ती एक जागा बघ."

मित्रांनो, मी पूर्वी ऐकलं होतं, की बिघडलेल्या कार्डावर काही माणसं झटापट करतात, पुन्हा पुन्हा घालतात, पुन्हा पुन्हा काढतात. रुचिराने तसं केलं नाही. आधी तिने माझी हुबेहूब प्रत काढायला घेतली. फायली शोधून नव्हे, तर पहिल्या कोठडीपासून शेवटच्या कोठडीपर्यंत, जसं आहे तसं. मध्येच एका जागी मी अडलो. तिथल्या कोठड्यांत थेंब धूसर झाले होते. प्रत थांबली. रुचिराने मला बाहेर काढलं, गार होऊ दिलं, आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू केली. धूसर जागा तिने वगळल्या आणि बाकी सगळं मिळाल्यावर मग त्यांच्याकडे परत आली, जसं चिडलेल्या मुलाशी आधी न बोलता नंतर हळूच बोलावं. पुन्हा अडलो, पुन्हा तिथूनच पुढे. त्या दिवसांत मी अर्धवट झोपेत असल्यासारखा होतो. कोणीतरी दिवा घेऊन माझ्या आतल्या गल्ल्यांतून फिरत होतं, दारं न ठोठावता, फक्त आत डोकावून.

प्रत पूर्ण झाल्यावर तिने मला एका डबीत ठेवून दिलं. पुढचं सगळं काम तिने त्या प्रतीवर केलं, म्हणजे काही चुकलं तरी मला धक्का लागू नये.

रंभा बाजाराला येई तेव्हा डोकावून जाई. रुचिरा सांगे, "अजून बघतेय, मावशी." एकदा तिने रंभाला पडद्यापाशी बोलावलं. माझ्यातले जुन्या लग्नांचे तुकडे वर आले होते. एका फोटोत वरच्या बाजूला मांडव आणि नवरीचा चेहरा होता, खाली सगळा राखाडी पट्टा.

"ही तर आमच्या कमळाकरची पोरगी," रंभा म्हणाली. "आता तिला दोन पोरं हायत." आणि त्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

रुचिराही हसली. त्या दिवशी वारा बाजाराकडून होता, पण तिने दार ओढलं नाही.

मग एका दुपारी रुचिराने हितेशला फोन करून सगळ्यांना बोलावलं. दादूही आला. दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो अगदी कडेला बसला. रुचिराने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बांगडा, बोंबील, घोळ, खडक, कोळीम, एवढे सगळे नीट आलेत," ती म्हणाली. "त्यानंतर तार निघाली. पापलेट, रावस, सुरमई कार्डापर्यंत पोचलेच नाहीत. जे लिहिलंच गेलं नाही, ते मी कुठून आणणार?"

"आनि ती?" दादूने विचारलं.

"तीच लिहिली जात होती तेव्हा वीज गेली." रुचिराने पडद्यावर बोट ठेवलं. "हे नाव. एमओबी. उत्तरेचा आकडा पूर्ण आहे. पूर्वेचा आकडा अर्धाच आलाय. पुढचं रिकामं आहे."

हितेशला कळलं आणि त्याने डोळे मिटले. रंभाला कळलं नव्हतं. रुचिराने कागद घेतला आणि त्यावर एक आडवी रेघ ओढली. "मावशी, ते या रेघेवर कुठेतरी आहेत, हे नक्की. रेघेवर नेमके कुठे, ते नाही सांगता येत. काही मैलांची पट्टी आहे ही."

रंभाने कागद जवळ ओढला. ती रेघ तिने बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली.

"म्हंजे गल्ली कळली," ती म्हणाली, "घर नाय कळलं."

"हो, मावशी. माझ्याकडून एवढंच झालं."

"एवढं लय झालं, बाय. काल सगळा दर्या होता."

रुचिराने मिळालेल्या खुणा एका नव्या कार्डावर भरून दिल्या आणि आणखी एक प्रत आपल्या संगणकावर ठेवली. मला तिने डबीसकट रंभाच्या हातात दिलं. "हे आता वापरू नका," ती म्हणाली. "याने खूप केलं." असं कौतुक मला फोटोंच्या दिवसांतही मिळालं नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली. दर्याला नारळ वाहून झाले आणि बोटी बाहेर पडायला लागल्या. रंभा दादूला म्हणाली, "तुझी पयली फेरी मासळीची नाय. मला घेऊन चल."

"वयनी, बायमानूस खोल पान्यात कोन नेतं? खलाशी काय बोलतील?"

"बोलू दे. मी माझ्या नवऱ्याकडं चाललेय."

दादू मग बोटीत डिझेल भरायला गेला.

पहाटे बोट धक्क्यावरून सुटली. हितेश नव्या जीपीएसपाशी बसला होता. रंभा पुढच्या बाजूला दोराच्या वेटोळ्यावर बसली होती, मांडीवर झेंडूची टोपली, बाजूला नारळ, आणि पदराच्या गाठीत मी. किनाऱ्यावरचे दिवे मागे राहिले, मग डोंगर मागे राहिला, मग मागे आणि पुढे सारखंच दिसू लागलं. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचे झाले होते. बोट चालली आहे की आपण एका मोठ्या झोपेत तरंगतो आहोत, हे कळेनासं झालं. माझ्यात वीज नव्हती, तरी मला सगळं ऐकू येत होतं. ते कसं, हे मला विचारू नका.

"आलो, आये," हितेश म्हणाला. "इथून रेघ सुरू होते."

दादूने इंजिन मंद केलं. हितेश उत्तरेचा आकडा हलू देत नव्हता. "थोडं डावीकडं, काका. बस. असंच." बोट पूर्वेकडून पश्चिमेकडे त्या रेघेवरून जाऊ लागली, आणि रंभा एकेक फूल पाण्यात सोडू लागली. मागे वळून पाहिलं तर झेंडूची एक लांब पिवळी ओळ लाटांवर वरखाली होत होती.

बऱ्याच वेळाने दादू आपण होऊन बोलला. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"जाळं सोडत होतो. दोर भराभर जात होता. दादाच्या पायाला वेढा बसला. मी केबिनमधी होतो, माझ्यासमोर बटन होतं. मी आधी बटन दाबलं, वयनी. मग धावलो. आधी दोर टाकायला पायजे होता का, हे मला अजून कळत नाय."

रंभाने हातातलं फूल सोडलं नाही.

"दोर टाकून ते गावले असते का?"

"ठाऊक नाय."

"मग नको इचारू. तू बटन दाबलंस म्हनून मी आज इथवर आले."

दादूने सुकाणूवरचा एक हात काढला आणि तोंडावरून फिरवला. बोट पुढे जात राहिली.

रेघ निम्मी सरली असेल नसेल, तेव्हा रंभा म्हणाली, "थांबव."

इंजिन बंद झालं. सगळीकडे इतकी शांतता झाली, की बोटीच्या लाकडावर पाणी लागल्याचा आवाज येत होता. हितेशने आजूबाजूला पाहिलं. पक्षी नव्हता, फेस नव्हता, काही वेगळं नव्हतं.

"इथं काय दिसलं, आये?"

"काय नाय दिसलं. इथं बरं वाटलं."

तिने नारळ दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि ओणवी होऊन पाण्यात सोडला. तो एकदा बुडाला, वर आला आणि हळूहळू डोलत राहिला. ती काही पुटपुटली, ते मी सांगणार नाही. ते नवराबायकोचं बोलणं होतं.

"खूण करू?" हितेशने विचारलं.

"कर."

"नाव काय घालू?"

त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. हितेशने आपल्या आईच्या तोंडून ते कधीच ऐकलं नव्हतं. 'तुझा बाप', 'ते', एवढंच. तो वाट पाहत राहिला. दादूने मान वळवली.

"काशिराम," रंभा म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "काशिराम."

हितेशने एकेक अक्षर जुळवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक छोटं चाक फिरू लागलं. दादूने इंजिनकडे नेलेला हात मागे घेतला. कोणी हललं नाही, कोणी तारेला शिवलं नाही. चाक थांबलं आणि पडद्यावर नाव उमटलं. मग दादूने इंजिन सुरू केलं.

मित्रांनो, आता मी रंभाच्या घरी देवाच्या फळीवर त्या डबीत असतो. मला पुन्हा कामाला लावणार नाहीत, आणि त्याची मला खंत नाही. माझ्या पोटात ती अर्धी खूण अजून तशीच आहे. तिचा उरलेला भाग कधी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. कधी कधी ऊन डबीवर पडतं, तेव्हा मला वाटतं, की ती अर्धी खूण आतल्या आत पश्चिमेकडे वाहत चालली आहे, झेंडूच्या फुलासारखी.

तुमच्या घरी माझी भावंडं असतील. पेनड्राइव्ह असेल, फोनमधलं इवलंसं कार्ड असेल. ती काही उतरवून घेत असली, तर त्यांना पुरतं लिहू द्या. त्या वेळी तार ओढू नका, त्यांना खेचून काढू नका. जे मोलाचं आहे ते एकाच ठिकाणी ठेवू नका, दुसरीकडेही ठेवा. आणि इतकं करूनही कधी मध्येच काही तुटलं, तर घाबरून 'हो' दाबू नका. आधी हात मागे घ्या. त्यावर नवं काही लिहू नका. मग जाणत्या माणसाकडे जा आणि त्याला सगळं खरं खरं सांगा. सगळं परत येईल असं वचन मी देत नाही. पण गल्ली तरी कळते, मित्रांनो. तिथून पुढे मग आपण बोट घेऊन निघायचं असतं.